तेलेसियासच्या मुठीतली खापरी

१

आम्ही आत शिरलो तेव्हा तेलेसियास भांडी भाजायच्या आव्याच्या तोंडाशी पालथा पडला होता आणि मानेस त्याला उताणा करायची धडपड करत होता. मानेसचे दोन्ही हात रक्ताने माखले होते.

"ए! काय केलंस रे?" युथियास ओरडला.

"मी आत्ताच आलो, धनी. हे असेच पडले होते."

युथियासने त्याला एका लाथेत बाजूला पाडलं आणि बापाशेजारी गुडघे टेकले. डोक्याची मागची बाजू आत दबली होती. जवळच ऑलिव्हचा ओला ओंडका पडला होता आणि त्याच्या सालीला पांढरे केस चिकटले होते. सूर्य मावळायला टेकला होता. आवा निवत होता, वरून स्वच्छ, बिनधुराची ऊब येत होती.

तेलेसियास आमचा मालक. अथेन्सच्या कुंभारवाड्यात त्याच्यासारखा आवा भाजणारा दुसरा नव्हता. मी त्याच्याकडे माती मळायचो. मानेस फ्रिजियाचा, विकत घेतलेला, पण भांड्यांवर चित्रं काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. युथियास मालकाचा एकुलता मुलगा. बापाला वाटायचं पोराने चाकावर बसावं, पोराला आखाड्यातल्या कुस्तीपुढे काही सुचायचं नाही, त्यावरून दोघांची रोज वाजायची. त्या संध्याकाळी मी जेवून, झोपून परत येत होतो आणि युथियास मला फाटकातच भेटला.

आवा लावायच्या दिवशी मालकाची एक रीत होती. दुपारपर्यंत आम्ही सगळे राबायचो. मग धुराडं बंद करून ओली लाकडं आत सारली की तो आम्हाला हाकलून द्यायचा. "चला, निघा. आता मी आणि माझी आग." धुराडं पुन्हा कधी उघडायचं, हे त्याने कुणाला शिकवलं नव्हतं. थोडं आधी उघडलं तर रंग धरत नाही, उशीर झाला तर सगळी भांडी काळी पडतात. ती नेमकी वेळ फक्त तेलेसियासला कळायची.

आरडाओरडा ऐकून समोरचा कुंभार आग्नोन धावत आला. हा मालकाचा जुना वैरी. दुपारभर आपल्या दारात बसून तो आमच्या धुराकडे बघत असायचा.

"आत्ता मघाशी तर धूर निवळला," तो धापा टाकत म्हणाला. "वेळेवर, अगदी बरोब्बर वेळेवर उघडलंन धुराडं. म्हणजे तेव्हा जिवंत होता की! त्यानंतर या फाटकातून आत गेला तो हा एकटा." आणि त्याने मानेसकडे बोट दाखवलं.

मानेसने मान हलवून नाही म्हटलं. बोलून उपयोगही नव्हता. गुलामाचं बोलणं आमच्या न्यायसभेत खरं धरतात ते छळ करून वदवलेलं असेल तरच.

"बापाला पोचवून येतो," युथियास म्हणाला. "मग याला अधिकाऱ्यांकडे छळाच्या चाकाला बांधायला देतो. तिथे बोलेल."

मानेसला साखळी घालून कोठारात ढकललं. आम्ही तिघांनी मालकाला उचललं तेव्हा त्याचा उजवा हात लोंबला. मूठ घट्ट आवळलेली होती आणि बोटांच्या फटीतून कशाचं तरी काळं टोक बाहेर आलं होतं.

२

तेलेसियासच्या घरात बाईमाणूस नव्हतं. म्हणून सकाळी प्रेत धुवायला माझ्या मावशीला बोलावणं गेलं. परक्या प्रेताला हात लावायचा तर आमच्याकडे बाईने साठी ओलांडलेली असावी लागते. क्रितिला मावशी म्हणायची, "साठी झाली तेव्हापासून मला एका दिवसाची सुट्टी नाही."

मी पाणी ओतत होतो. तिने मुठीवर कोमट तेल सोडलं आणि एकेक बोट हळूच मागे वळवलं. आतून तळहाताएवढी खापरी निघाली. मधे भोक पाडलेली, आरपार काळी ठिक्कर.

"दामिस, हे काय रे?"

"बघायची खापरी, मावशी. फुटक्या भांड्याच्या तुकड्यावर रंगाचा पट्टा ओढायचा आणि आव्याच्या भोकाजवळ आत ठेवायचा. मधूनमधून आकड्याने एकेक बाहेर काढून पाण्यात बुडवायचा. आत काय चाललंय ते त्यावरून कळतं. मीच केल्या होत्या, सहा."

"मग ही अशी काळी कशी? तुमची भांडी तर लाल असतात, रंग तेवढा काळा."

"ती शेवटी तशी होतात. आधी सगळंच लाल भाजतं. मग धुराडं बंद केलं, धूर कोंडला, की सगळंच काळं. माती काळी, रंगही काळा. पुन्हा धुराडं उघडलं, वारा आत गेला, की माती परत लाल होते आणि रंग काळाच राहतो."

मावशीने खापरी उजेडात धरली. "म्हणजे ही धूर कोंडलेला असतानाची."

"हो."

"धुराडं उघडल्यानंतरची असू शकत नाही?"

"नाही, तेव्हा माती लाल..."

"बघ पुढे." तिने मालकाचा तळहात माझ्यासमोर धरला. खापरीच्या आकाराची कातडी भाजून पांढरी झाली होती. "थंड झालेली खापरी हातात राहिली असती तर हे झालं नसतं. नुकतीच पाण्यातून काढली होती, आत धग होती. बोटांच्या टोकांवर धरून बघत असणार. तेवढ्यात मागून बसला आणि मूठ आवळली गेली. पडल्यावर सोडायचंही भान राहिलं नाही बिचाऱ्याला."

"म्हणजे धुराडं उघडलं तेव्हा..."

"तेव्हा हा मेलेला होता. बराच वेळ मेलेला." तिने मालकाच्या कपाळावरचं रक्त पुसलं. "आणि काल दुपारभर मानेस कुठे होता माहीत आहे तुला?"

"तेलाच्या कुप्या पोचवायला गेला होता. धुराडं बंद व्हायच्या आधीच निघाला होता."

"माझ्यासमोर बसला होता. काल एक विधवा गेली, तिच्या घरी मी प्रेत धुवायला होते. तिच्या दोघी बहिणींनी प्रेताशेजारी ठेवायच्या पांढऱ्या कुपीवरच्या बाईचं नाक त्याच्याकडून तीनदा बदलून घेतलं. 'आमची ताई अशी नकटी नव्हती' म्हणे. ऊन उतरल्यावर सुटला तिथून."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. "मग चल, सांगू या युथियासला!"

"कुणाच्या तोंडाने? त्या घरात आम्ही तिघी बायका होतो. बायकांची साक्ष कोण घेतं?" मावशीने खापरी पदरात बांधली. "आणि तो पहिला प्रश्न काय विचारेल सांग. बाप मेला होता, तर धुराडं उघडलं कुणी?"

३

युथियासने तेच विचारलं. खापरी त्याने उलटीसुलटी करून बघितली.

"ही करपलीय का?"

"तूच सांग," मावशी म्हणाली. "बापाचा धंदा तुझ्याकडे यायचाय आता."

"मला नाही कळत यातलं. आणि मावशी, तुम्ही प्रेतं धुवा. बाकीचं माझ्यावर सोडा. धूर वेळेवर निवळला, अख्ख्या गल्लीने पाहिलंय. आग कळायची ती फक्त माझ्या बापाला." त्याचे डोळे सुजलेले होते. "मेला त्या सकाळी मी त्याच्याशी भांडून गेलो होतो. निदान त्याला मारणाऱ्याला तरी..."

बाहेर आल्यावर मी हळूच म्हणालो, "कारखाना आता त्याचाच. शिवाय फाटकात मला कसा नेमका भेटला?"

"असेल. पण करपलेली आणि कोंडलेली खापरी ज्याला वेगळी ओळखता येत नाही, तो आवा कसला सांभाळतोय?"

मग आम्ही कोठारात गेलो. मानेस भिंतीला टेकून बसला होता. त्याचा ओठ फाटला होता. मावशीने त्याला पाणी पाजलं.

"निघालास तेव्हा धुराडं उघडं होतं?"

"उघडं होतं, आई."

"परत आलास तेव्हा?"

"उघडंच होतं. धूर नव्हता."

"आव्याला, आकड्याला, पाण्याच्या कुंडीला हात लावलास?"

"नाही. फक्त धन्याला."

तेवढं विचारून मावशी उठली आणि थेट आव्यापाशी गेली. कुंडीत हात घालून तिने तळाच्या खापऱ्या एकेक काढून ओट्यावर मांडल्या. पाच निघाल्या. दोन लाल, सुरुवातीच्या. एक काळी. एक अर्धी काळी, अर्धी लाल. पाचवी अगदी हवी तशी, लाल माती आणि वर काळा तकतकीत पट्टा.

"आणि सहावी मुठीत," मी म्हणालो.

"धूर कोंडलेला असताना तो मेला. म्हणजे या शेवटच्या दोन त्याने काढलेल्या नाहीत. कदाचित ही काळीसुद्धा नाही." मावशी ओट्यावर टेकली. "दामिस, कुणीतरी याला मारलं आणि पळून गेलं नाही. प्रेताशेजारी थांबलं. भोकातून खापऱ्या काढून बघत बसलं. वेळ झाल्यावर धुराडं उघडलं, आणि मग गेलं."

धुराचा तो टप्पा लहान नसतो.

आग्नोन आपल्या दारात कांदा आणि सातूची भाकरी खात बसला होता.

"आग तुलाही कळते," मावशीने त्याला तोंडावरच विचारलं. "तूच नसशील मारलं कशावरून?"

आग्नोन खो खो हसला, मग मेलेल्याच्या घराकडे बघून त्याने तोंड दाबलं. "अहो बाई, मी मारला असता तर धुराडं उघडायला कशाला थांबलो असतो? त्याचा अख्खा आवा काळा पडलेला बघून मी महिनाभर सुखाने जेवलो असतो!"

"तेही खरंच." मावशी हसली नाही. "काल धुराडं उघडताना तुला काही वेगळं वाटलं?"

तो चावायचा थांबला. "आता तुम्ही विचारलंत म्हणून. धुराडं उघडताना तेलेसियास अथेनादेवीला हाक मारायचा. अशी की पलीकडच्या गल्लीत बाळं उठायची. वीस वर्षं ऐकतोय. काल हाक आली नाही. मला वाटलं, घसा बसला असेल."

"आणि फाटकातून कुणी गेलं नाही?"

"शपथेवर सांगतो, नाही."

फाटक सोडून आत यायची एकच वाट होती. मागे ओढ्याच्या बाजूला, माती गाळायच्या टाक्यांमधून, पडक्या भिंतीवरून. गुडघाभर चिखल तुडवावा लागतो. ती वाट आमच्या कारखान्यातल्या माणसांखेरीज कुणी वापरत नाही.

"कारखान्यात आहोत कोण आम्ही?" मी म्हणालो. "मी, मानेस आणि स्ट्रॅटोनकाका."

"तू झोपला होतास. तुझं घोरणं तुझ्या बायकोने मला सकाळीच ऐकवलंय," मावशी म्हणाली. "स्ट्रॅटोन कुठे होता?"

४

स्ट्रॅटोनकाका आमचा चाकावरचा माणूस. तेलेसियासबरोबर तीस वर्षं काढलेली. भांडी तो घडवायचा, नाव पडायचं ते तेलेसियासचं. त्याची एकुलती मुलगी मिर्रिना महिन्यापूर्वी तापाने गेली. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं.

लग्नाआधी गेलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या थडग्यावर लग्नाच्या आंघोळीचा उंच घडा ठेवतात. तो घडा काकाने स्वतः चाकावर ओढला. माझ्या छातीएवढा उंच, मान बगळ्यासारखी. मानेसने त्यावर नवरीच्या वेषातली मिर्रिना काढली, पायात जोडा घालायला वाकलेली, आणि बाजूला तिचं नाव लिहिलं. तो घडा याच आव्यात होता.

"त्या दुपारी मी पोरीच्या थडग्यावर होतो," काकाने विचारल्यावर सांगितलं. शोकात कापलेले केस, खोल गेलेले डोळे. मावशीने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. मिर्रिनाला तिनेच धुतलं होतं.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मालकाला वेशीबाहेर नेलं. परत येऊन, आवा पुरता निवल्यावर, युथियासने दार फोडायला सांगितलं. विटा मी काढल्या. काका शेजारी उभा होता, शोकाचं काळं पांघरूण उजव्या हातावरून पुढे ओढून.

एकही भांडं वाया गेलं नव्हतं. प्याले, सुरया, वाडगे, सगळे लाल आणि काळे, आरशासारखे. आणि मध्ये तो घडा. काकाने आत वाकून, दोन्ही हातांनी मिठी घालून तो बाहेर आणला. नवरी खाली वाकली होती, चेहऱ्यावर हसू येऊ घातलेलं. मानेसने हुबेहूब उतरवली होती पोर.

पण बाजूला मिर्रिनाचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'तेलेसियासने घडवला.'

"हे काय?" मी म्हणालो. "इथे तर..."

"हाच ना तो?" मागून आवाज आला. एक गाडीवान पेंढा भरलेली गाडी घेऊन फाटकाशी उभा होता. "धन्यांचा मुलगा घोड्यावरून पडून गेला हो. लग्न ठरलं होतं. तेलेसियासने हा घडा वाळत असतानाच दाखवला आणि शब्द दिला, आव्यातून निघाला की तुमचा."

"तो मिर्रिनाचा घडा आहे!" मी युथियासकडे वळलो. "तुला माहीत आहे!"

युथियासने काकाची नजर टाळली. "बापाने दिलेला शब्द आहे. बाप मेल्यावर मी तो मोडू? काका, तुम्हाला दुसरा करून देऊ."

काका गाडीकडे वळला. घडा त्याने गाडीवानाच्या हातात दिला, मान कशी धरायची ते दाखवलं आणि मागच्या बाजूला टाक्यांकडे निघून गेला.

मावशीने माझा दंड धरला. "बघितलंस?"

"काय?"

"गाडीवानाचं ऐकून तू उडालास. मीही उडाले. ज्याचा घडा, तो हलला नाही. नाव खोडलेलं बघून हलला नाही, गाडी बघून हलला नाही. त्याला हे सगळं आधीच माहीत होतं. कधी कळलं त्याला? आणि दुसरं. घडा उचलताना पांघरूण मागे सरलं तेव्हा त्याचा हात बघितलास?"

बघितला होता, पण तोवर अर्थ लागला नव्हता. काकाच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नव्हता. कातडी लालसर, तुळतुळीत.

धूर कोंडलेला असताना भोक उघडलं की आतून ज्वाळेची जीभ बाहेर येते आणि हात चाटून जाते. तेलेसियासच्या उजव्या हातावर तीस वर्षांत कधी लव दिसली नव्हती.

५

काका ओढ्याच्या काठावर बसला होता. मावशी त्याच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून बसली. मी उभाच राहिलो.

"आग कुठे शिकलास, स्ट्रॅटोन?"

त्याने वळूनही पाहिलं नाही. "तीस वर्षं तो मला हाकलून द्यायचा आणि तीस वर्षं मी या भिंतीआड बसून धूर बघायचो. आधी चोरून शिकावं म्हणून. नंतर सवय लागली."

"नाव खोडलेलं कधी दिसलं?"

"सकाळी, घडा आव्यात ठेवताना. मानेस म्हणाला, 'धन्याने खोडायला लावलं, काका. कुणाला सांगू नको म्हणाले होते.' सगळ्यांसमोर बोलायची माझी हिंमत झाली नाही. सगळे गेल्यावर भिंतीवरून आत आलो." तो पाण्याकडे बघत बोलत होता. "भांडायला नव्हतो आलो, क्रितिला. विनवायला आलो होतो. त्याने खापरी काढली, पाण्यात बुडवली, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, 'मेलेल्या पोरीला काय कळतंय? तिला साधा घडा चालेल. आणि तू जा बघू, आग बघू दे मला.' लाकूड माझ्या हाताशी होतं."

"मग पळाला का नाहीस?"

"आत मिर्रिना होती ना," तो साधेपणाने म्हणाला. "मी गेलो असतो तर ती काळी पडली असती."

तो त्या दुपारी कसा बसला असेल, ते मला डोळ्यांसमोरून हलवता येईना. पायाशी तीस वर्षांचा सोबती, आणि हा खापऱ्या काढतोय, एक काळी, थांबायचं, एक अर्धी, अजून थांबायचं.

"वाटलं, तेलेसियास गेला, आता युथियास देईल मला तो घडा," काका म्हणाला. "काल त्याच्याकडे मागितला. 'बघू' म्हणाला. उद्या तिसावा दिवस आहे पोरीचा. घडा ठेवला असता आणि मी आपण होऊन आलो असतो, सगळ्यांसमोर."

"आणि मानेस?" मावशीचा आवाज पहिल्यांदा चढला. "त्याला चाकाला बांधणार हे तुला माहीत होतं. ज्याने तुझ्या पोरीचं हसू काढलं, त्याला!"

"युथियास दिवस जाऊ देईल असं वाटलं. उद्यापर्यंत..."

"तुझा उद्या आणि त्याची हाडं!"

काका उठला. गुडघ्याची माती त्याने झटकली. "घडा गेला. आता थांबायचं कशासाठी? चल, येतो मी युथियासकडे."

तेवढ्यात कोठाराच्या बाजूने किंकाळी आली. माणसाची वाटू नये अशी. मग दुसरी.

मी धावलो. काका माझ्या पुढे होता. साठीचा माणूस इतका धावू शकेल असं मला वाटलं नव्हतं.

युथियास अधिकाऱ्यांसाठी थांबला नव्हता. मातीत बापाला ठेवून आलेला, घोटभर जास्त वाईन प्यालेला. आखाड्यातले दोन सोबती त्याने आणले होते. मानेसचा उजवा हात ओट्यावर दाबून धरलेला होता आणि मळलेली माती ठोकायचा माझा लाकडी ठोकळा युथियासच्या हातात होता.

"सोड त्याला!" काका दारातूनच ओरडला. "मी मारलं तुझ्या बापाला. मी, स्ट्रॅटोनने."

ठोकळा खाली पडला. युथियास काकाकडे बघतच राहिला. मग त्याने ओट्यावरच्या हाताकडे पाहिलं आणि तोंड फिरवून बाहेर जाऊन ओकला.

६

काकाने खटला उभा राहायची वाट पाहिली नाही. आमच्या कायद्यात खुन्याला देश सोडून जाता येतं, परत यायचं नाही या अटीवर. हद्दीपलीकडच्या मेगाराच्या वाटेला लागताना त्याच्या पाठीवर एक बोचकं होतं. जाण्यापूर्वी तो कोठारात गेला होता आणि मानेससमोर बराच वेळ उभा होता. दोघं काही बोलले असतील तर ते मी ऐकलं नाही.

मानेसची तीन बोटं पुन्हा कधी वळणार नाहीत असं हाड बसवणाऱ्याने सांगितलं. युथियासने त्याला विकलं नाही, लाजेने असेल. माझ्या हाताखाली माती वाहायला लावलं. मानेस आता खांद्यावरून मातीच्या टोपल्या आणतो. कोरे प्याले फळीवर वाळत असतात तेव्हा तो तिकडे बघत नाही.

तिसाव्या दिवशी मिर्रिनाच्या थडग्यावर जायला बापाखेरीज कुणी नव्हतं आणि बापाने हद्द ओलांडली होती. म्हणून मावशी निघाली, मी निघालो, आणि मानेस न सांगता मागून आला. मी एक साधा घडा ओढला होता. तो पुरता वाळलाही नव्हता, भाजणं तर दूरच. तोच ठेवला. मावशीने तेल ओतलं, दगडाला फीत बांधली.

परतताना मावशीला राहवलं नाही. "मानेस, त्या संध्याकाळी तू आलास तेव्हा स्ट्रॅटोन नुकताच गेला असणार. तुला काही दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं, आई. मी फाटकातून आत येताना ते भिंतीवरून पलीकडे उतरत होते. पायाला चिखल होता."

आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो.

"अरे मग बोलला का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच. "दोन दिवस कोठारात पडून होतास! हात गेला तुझा!"

मानेस माझ्याकडे नाही, मावशीकडे बघत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"धनी विचारत होते, 'तूच मारलंस ना?' मी नाही म्हणत होतो. गुलामाने न विचारता दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं, तर स्वतःला वाचवायला घेतलं म्हणतात आणि आणखी मारतात." त्याने बांधलेला हात छातीशी धरला. "तुम्ही आलात तेव्हा वाटलं, तुम्ही विचाराल. तुम्ही धुराड्याचं विचारलंत. मग खापऱ्या बघायला गेलात."

वेशीपर्यंतची उरलेली वाट मावशी मानेसच्या मागून चालली.